पाय सोडल्यावरचा आवाज

नवा

शारजाहून येईल. लाकडी खोक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, काळ्या रंगाचा. जुना सोडवायचा, हा चढवायचा, तेल भरायचं, खलास. गळती नाही, आवाज नाही, मागे वळून बघायचं काम नाही.

जुना

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या गॅरेजात दोन ओंडक्यांवर पडला आहे. गाडीच्या मागच्या चाकांना जोडणारा लोखंडी ॲक्सल, मधोमध भोपळ्यासारखा फुगलेला. भोपळा उघडला तेव्हा तेल डांबरासारखं निघालं आणि त्यात चंदेरी कीस होता. आतलं बेअरिंग फुटलं आहे. आतल्या चाकांचे दात शाबूत आहेत. झिजलेले, पण शाबूत.

निवडणारे

जनार्दन मिस्त्री देवरुखकडचा. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग मस्कतमध्ये, गाड्यांच्या पोटाखाली गेला होता. त्याचं मत नव्याच्या बाजूनं होतं. गॅरेजातला त्याचा जोडीदार सकलैन सियालकोटचा. त्याचंही मत तेच.

गाडी ज्यांची, त्या रॉबिन अंकलना विचारण्यात आता अर्थ नव्हता. म्हणून त्यांची मुलगी कॅरल आली होती. हॉटेलच्या ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत, गळ्यातलं ओळखपत्र तसंच.

गाडी अमेरिकन. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची, मूळची गडद हिरवी आणि आता उन्हानं कुठे कुठे राखाडी झालेली. रस्त्यानं जाणारी पोरं थांबून तिचे फोटो काढत, मसल कार, मसल कार म्हणत. इब्रीच्या एका मोठ्या घराण्यात रॉबिन अंकल ड्रायव्हर होते. त्यांचे अर्बाब, म्हणजे मालक, वारले तेव्हा अर्बाबच्या मुलांनी गाडी त्यांना देऊन टाकली. ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, असं म्हणून.

"मॅडम, नवा टाका," जनार्दन म्हणाला.

"नव्याला आवाज येईल?"

"अजिबात नाही. तीच तर गंमत."

"मग नको."

जनार्दननं हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. त्याला वाटलं, हिला नीट कळलं नाही. "मॅडम, आवाज म्हणजे बिघाड. भोपळ्यातलं डिफरन्शियल रडतं ना, तो. तो जायलाच हवा."

"पप्पा त्या आवाजावर गाडी ओळखतात, जनार्दनभाऊ."

मग तिनं सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, टायरच्या ढिगाला टेकून. हॉटेलनं तिचं काँट्रॅक्ट वाढवलं नव्हतं. हमरियातला फ्लॅट सोडायचा होता आणि पप्पांना घेऊन वसईला जायचं होतं, मम्मीकडे. पप्पांना मम्मीचं नाव आठवत होतं, चेहरा आठवत नव्हता. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट आणि काळे बूट घालून ते खिडकीत बसत. गाडी गॅरेजात आहे, आली की निघू, हे त्यांचं एकच वाक्य. टॅक्सी आणली तर जिन्यावरूनच परत फिरत. माझी गाडी असताना टॅक्सी कशाला, म्हणत.

"डॉक्टर म्हणाले, प्रवासापुरतं गुंगीचं औषध देता येईल," कॅरल म्हणाली. "मी नको म्हटलं. पप्पांना धरून, दामटून मी नेणार नाही. ते आपल्या पायांनी उठले पाहिजेत. आणि ते फक्त ह्या गाडीसाठी उठतील."

"आवाज कसा होता, आठवतो तुम्हाला?"

कॅरल शाळेच्या सुट्टीत इब्रीला यायची, तेव्हा गाडीआधी आवाज यायचा. ती दारात जाऊन उभी राही. आता तिनं गॅरेजात इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तोंड किंचित उघडून तो काढून दाखवला. नाकातून निघणारा, वरून खाली घसरत येणारा एक लांब सूर.

गाडीखालून सकलैनचं डोकं बाहेर आलं. "मॅडम, ये गाना नहीं, बीमारी है."

"माहीत आहे," कॅरल मराठीतच म्हणाली. "तीच ठेवा."

"उस्ताद, सुना? बीमारी संभालके रखनी है." सकलैन हसला आणि परत गाडीखाली गेला. कॅरलही हसली. मग तिनं पर्समधून रुमाल काढला आणि जनार्दन उगाच नटबोल्टांच्या डब्यात काहीतरी शोधू लागला.

सुट्टी संपेपर्यंत ती थांबली. पण एक गोष्ट तिनं सांगितली नाही, कारण तिला ती माहीत नव्हती. आणि जनार्दननं ती विचारली नाही, कारण ती विचारायची असते हे त्याला त्या क्षणी सुचलं नाही. आवाज नेमका कधी यायचा? गाडी ओढत असताना, की पाय उचलल्यावर?

जुना, ठरला

दात

मोठं चाक, त्याला मिस्त्री लोक क्राऊन म्हणतात. छोटं, ते पिनियन. दोघांची जोडी असते. एकमेकांवर घासून बनवतात, एकत्र विकतात, एकत्र फेकतात. एकाचं दुसऱ्या कुणाशी जमत नाही.

प्रत्येक दाताला दोन बाजू. इंजिन गाडी ओढतं तेव्हा एक बाजू दाबली जाते. पाय उचलला, गाडी उतारावर आपल्या वजनानं निघाली, की दुसरी.

नवी बेअरिंगं बसवल्यावर जनार्दननं दातांना निळा रंग लावला, दांडा हातानं फिरवला आणि बॅटरीच्या उजेडात ठसा पाहिला. ओढण्याच्या बाजूला ठसा बरा होता. मागच्या बाजूला मात्र तो दाताच्या पार कडेला गेला होता, आणि तिथे लोखंड घासून आरशासारखं झालं होतं.

"हा माणूस उतारावर गिअर काढायचाच नाही," तो सकलैनला म्हणाला. "ब्रेकवर भरवसा नसणार. डोंगरातून सगळी गाडी ह्या दातांवर उतरवलीय."

बोलताना त्याच्या आवाजात कौतुक होतं. असं चालवणारे आता राहिले नाहीत, असंही तो म्हणाला. मग त्यानं पत्र्याच्या डबीतून एक शिम काढली. शिम म्हणजे पातळ पोलादी चकती, कागदाएवढी जाड. ती पिनियनमागे घातली की पिनियन केसभर पुढे सरकतं आणि ठसा मधोमध येतो.

कुर्ल्याच्या ज्या गॅरेजात तो शिकला, तिथला वस्ताद ठसा मधोमध नसेल तर पान्याची उलटी बाजू बोटांवर मारायचा. बोलायचा नाही. मारायचा आणि चहा प्यायला जायचा. तेव्हापासून जनार्दनच्या हातातून कडेचा ठसा असलेली एकही गाडी बाहेर गेली नव्हती.

सकलैननं चकती पाहिली. "मॅडम ने मना किया था."

"आवाज राहील रे. जुने दात आहेत, गप्प कसे बसतील? फक्त जरा नीट राहील."

"नीट मतलब?"

जनार्दननं हात पुसले. त्यानं चकती घातली, दांडा फिरवला, पुन्हा रंग पाहिला. मागच्या बाजूचा ठसा आता दाताच्या बरोबर मध्यावर, बदामी आकाराचा. ओढण्याच्या बाजूचा त्यामुळे थोडा सरकला होता, पण कडेला नव्हता. तो बराच वेळ पाहत राहिला.

व्हॉइस मेसेज

जनार्दन: मॅडम, बर्काच्या रस्त्यावर आहे. गाडी एकदम फर्स्ट क्लास झालीय. आवाज आहे, काळजी नको. ऐकवतो. गप्प बसतो मी.

(इंजिनाची घरघर. तिच्यावर नाकातून निघणारा एक लांब सूर.)

कॅरल: जनार्दनभाऊ.

कॅरल: हाच. हाच आहे. मी किचनमध्ये आहे, खाली बसलेय. हाच आहे.

कॅरल: पप्पांना आत्ता ऐकवत नाही. फोनमधून गाडी कशी आली म्हणून घाबरतील. उद्या खाली घेऊन या. विमान रात्रीचं आहे, आपण दुपारीच निघू. तुम्ही चालवा. पप्पांना म्हणू, मिस्त्री ट्रायल घेतोय, तुम्ही बाजूला बसून ऐका.

जनार्दन: इन्शाल्ला, मॅडम.

हमरिया

गल्ली अरुंद. एका बाजूला शिंप्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला मोबाइलवाला, मध्ये कुणाची तरी डिलिव्हरीची मोटारसायकल. इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटत वर गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक पांढरा शर्ट उभा राहिला.

रॉबिन अंकल आपल्या पायांनी उतरले. कठड्याला हात न लावता. मागून कॅरल, हातात त्यांची औषधांची पिशवी. सामान आधीच सकलैनच्या पिकअपमध्ये चढलं होतं.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं टायर बुटानं दाबून पाहिलं आणि जनार्दनकडे पाहिलं. "तू मिस्त्री?"

"हो, अंकल."

"बरेच दिवस लावलेस."

"सामान उशिरा आलं."

"तुम्ही सगळे हेच सांगता." ते बाजूच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले. मागच्या सीटवर कॅरल तोंडावर हात धरून बसली होती. आरशात जनार्दनला फक्त तिचे डोळे दिसत होते, आणि ते डोळे हसत होते.

"यल्ला, चल," रॉबिन अंकल म्हणाले. "बघू काय केलंयस."

वतय्याचा चढ

रुवी मागे पडली. हायवेला लागल्यावर चढ सुरू झाला, जनार्दननं पाय दाबला आणि सूर निघाला.

रॉबिन अंकलनी मान किंचित कलती केली.

"मिस्त्री, हे ओढताना का रडतंय?"

"जुनं आहे, अंकल."

"पाय सोड."

जनार्दननं पाय उचलला. सूर थांबला. टायरांचा आवाज, वारा, बाकी काही नाही.

"ओढ."

सूर.

"सोड."

काही नाही.

"माझी गाडी ओढताना गप्प असते," रॉबिन अंकल म्हणाले. आवाज अगदी शांत, कामाचं बोलावं तसा. "पाय सोडला की गाते. इब्रीहून येताना फंजाच्या उतारावर अर्बाब त्या आवाजानंच जागे व्हायचे. म्हणायचे, रॉबिन, आलं मस्कत." त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला, काच उतरवायची मूठ पाहिली, दाराचं हँडल पाहिलं. "ही कुणाची गाडी आणलीस?"

"तुमचीच आहे, अंकल. नंबर बघा ना."

"नंबर कुणीही लावतो."

"पप्पा," मागून कॅरल म्हणाली, "ती दुरुस्त केली म्हणून जरा वेगळी वाटतेय."

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका. गाडी थांबव, मिस्त्री. दुसऱ्याच्या गाडीत मी बसत नाही. कुणी पाहिलं तर अर्बाबचं नाव जाईल."

जनार्दननं गाडी कडेला घेतली नसती तर त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं असतं. थांबल्यावर ते उतरले, शर्ट नीट खोचला आणि रुवीच्या दिशेनं चालू लागले. उलट्या बाजूनं, कठड्याला धरून, येणाऱ्या गाड्यांसमोर. गाड्या हॉर्न देत बाजूनं जात होत्या.

कॅरल त्यांच्याबरोबर चालली. पाच-दहा पावलं. पप्पा, पप्पा ऐका, म्हणत. त्यांनी अदबीनं तिला वाट करून दिली, अनोळखी बाईला देतात तशी. मागून पिकअप येऊन थांबली आणि सकलैन उतरून नुसता उभा राहिला. दिवस मावळायला अजून अवकाश होता. विमानालाही होता. पण तो अवकाश कशासाठी वापरायचा, हे कुणालाच सुचत नव्हतं.

"मी परत जाऊन ठीक करतो," जनार्दन म्हणाला. "एक शिम आहे फक्त. काढली की..."

"किती वेळ लागेल?"

त्यानं मनात मोजलं. ॲक्सल उतरवायचा, उघडायचा, पिनियन काढायचं, पुन्हा भरायचं. उद्याचा दिवस गेला असता.

एक ट्रक अगदी जवळून गेला. रॉबिन अंकलचा शर्ट फुगला आणि ते डगमगले. कॅरलनं त्यांचा दंड पकडला.

"जनार्दनभाऊ," ती म्हणाली, "तिकडून धरा."

त्यानं धरलं. दंड हलका होता, बाहीत जवळजवळ काही नव्हतं. रॉबिन अंकलनी झटका दिला नाही. उलट ते ताठ उभे राहिले. जनार्दनच्या निळ्या डांगरीकडे पाहिलं, पुढे येणाऱ्या सकलैनकडे पाहिलं आणि हळू आवाजात हिंदीत म्हणाले, "साहब, मैंने गाडी नहीं ली. इन लोगों ने बिठाया. मेरे अर्बाब से पूछ लो."

त्यांना पिकअपमध्ये मध्ये बसवलं. एका बाजूला सकलैन स्टिअरिंगवर, दुसऱ्या बाजूला कॅरल, दाराला पाठ लावून, दोन्ही हातांनी त्यांना धरून. विमानतळापर्यंत ते तेच सांगत राहिले, असं सकलैननं नंतर सांगितलं. मग थांबले. मग त्यांनी विचारलं, जेलमध्ये जेवण किती वाजता देतात.

नवा, जो बसवला नाही

नवा असता तर चढावर काही आवाज आला नसता. उतारावरही नाही. रॉबिन अंकलनी मान कलती केली असती. सोड, म्हणाले असते. ओढ, म्हणाले असते. काहीच ऐकू आलं नसतं आणि ते म्हणाले असते, कुणाची गाडी आणलीस.

किंवा.

त्यांनी मान कलती केली असती, काहीच ऐकू आलं नसतं, आणि ते म्हणाले असते, शाब्बास मिस्त्री, किती वर्षं अर्बाबना सांगत होतो, एकदा हे दुरुस्त करून घेऊ. आणि हात मांडीवर ठेवून विमानतळापर्यंत बसून राहिले असते. शेवटी ते ड्रायव्हर होते. कुठल्या ड्रायव्हरला रडणारी गाडी आवडते?

जनार्दन हे दोन्ही आलटून पालटून मनाशी चालवून पाहतो. पाना हातात असतो आणि पाहत असतो. सकलैन म्हणतो, उस्ताद, बोल्ट कस गया, छोडो.

तिसरंही आहे. चकती डबीतच राहिली असती. ते मात्र तो चालवून पाहत नाही.

जुना, पुन्हा

कॅरलनं निरोप ठेवला होता, गाडी तुम्हीच विका, नाहीतर ठेवा, मला तिचं काही सांगू नका.

जनार्दननं ॲक्सल उतरवला. चकती काढली. निळा रंग लावला, ठसा कडेला गेलेला पाहिला, आणि बोटं आपोआप डबीकडे गेली ती त्यानं मागे घेतली. सगळं बंद करून शुक्रवारी एकटाच फंजाच्या उतारावर गेला. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला.

आवाज आला. पण ओढतानाही येत होता आणि सोडल्यावरही. दोन्ही एकमेकांत मिसळलेले. नव्या बेअरिंगांमुळे असेल, मधल्या त्या थोड्या चालण्यानं दातांवर नव्या रेघा पडल्या असतील. त्यानं गाडी वर नेली आणि पुन्हा खाली आणली. पुन्हा वर नेली. त्यातल्या त्यात बरा वाटला तो तुकडा फोनवर घेतला आणि कॅरलला पाठवला. पाठवू नये असं त्याला वाटत होतं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. मागे कोंबडा आरवत होता आणि कुणीतरी विहिरीचा पंप लावला होता.

कॅरल: जनार्दनभाऊ, पप्पा अंगणात बसतात. बूट घालून. मम्मी चहा नेते तेव्हा उठून उभे राहतात, थँक्यू मॅडम म्हणतात. मम्मी म्हणते, इतकी वर्षं वाट बघितली ती ह्या थँक्यूसाठी, आणि हसते. मग आत जाऊन बसते.

कॅरल: तुमचं ते ऐकवलं. पहिल्यांदा म्हणाले, लांब आहे. मी परत लावलं. पुष्कळ वेळ ऐकत होते. मग म्हणाले, ही येत नाहीये. जातेय.

कॅरल: आता नका पाठवू.

नवा

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या मुआज नावाच्या तरुणानं गाडी घेतली. हौशी माणूस. गाडीभोवती फिरताना त्याच्या चेहऱ्यावर लग्नघरचं हसू होतं. त्यानं गाडी चालवून पाहिली, परत येऊन कानाला हात लावून दाखवला. हे रडणं नको, म्हणाला. नवा टाका.

शारजाहून खोकं आलं. जुना सोडवला, नवा चढवला, तेल भरलं. मुआज गाडी घेऊन निघाला तेव्हा फक्त इंजिन ऐकू आलं आणि कोपऱ्यावर वळल्यावर तेही नाही.

"अब ठीक है," सकलैन म्हणाला आणि खोक्याच्या फळ्या चुलीसाठी बांधू लागला.

जुना ॲक्सल पुन्हा त्याच दोन ओंडक्यांवर होता. जनार्दननं शेजारी डबा पालथा घातला, त्यावर बसला आणि पिनियनचा दांडा हातानं फिरवला. आत दात दातांवरून सरकले. तेलाचा चिकट स्पर्श बोटांना कळत होता, पण आवाज काहीच नाही. त्यानं उलटा फिरवला. नाही. त्या आवाजाला गाडीचं वजन लागतं, उतार लागतो आणि वेळेवर पाय उचलणारा कुणीतरी.

बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला होता.

"उस्ताद, दे दूँ?"

जनार्दननं हात वर करून थांब म्हटलं, आणि कान लोखंडाजवळ नेऊन अजून एकदा फिरवला.